मार्क १६:९–२० आणि अभ्यासकांचे लेखन: साध्या विश्वासणाऱ्याने ते कसे वाचावे?

प्रश्न: शेतकरी, दिग्रस तालुका, जिल्हा यवतमाळ

सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावात सलाम.

आमची मंडळी लहान आहे. पाळकसाहेबांकडे अनेक गावांची जबाबदारी असल्यामुळे ज्या रविवारी त्यांना येणे जमत नाही त्या रविवारी शास्त्रवाचन करण्याचे आणि त्यावर थोडे बोलण्याचे काम माझ्याकडे येते. माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले असून धर्मशिक्षणाची कोणतीही पदवी माझ्याकडे नाही. तरीही ज्या वचनावर बोलायचे ते आधी आपल्याला नीट समजले पाहिजे, एवढ्याच हेतूने मी बायबलवरील टीकाग्रंथ आणि अभ्यासकांचे लेख वाचू लागलो. त्यातील बरेचसे इंग्रजीत असल्यामुळे माझे वाचन सावकाश चालते.

प्रश्न उभा राहिला तो मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूचे जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाच्या) सोळाव्या अध्यायावरून. आमच्या भागात प्रार्थनासभा घेणाऱ्या एका बाहेरच्या प्रचारकाने अठराव्या वचनाच्या आधारे असे सांगितले की, ज्याचा विश्वास खरा आहे त्याला साप चावला तरी दवाखान्याची गरज नाही आणि विषाचीही त्याला बाधा होत नाही. शहरातल्या माणसाला हे केवळ चुकीचे शिक्षण वाटेल. आमच्याकडे मात्र तो जिवाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात निंदणाला गेलेल्या बाया, रात्रीची वीज आली की ओलितासाठी मोटार सुरू करायला जाणारे गडी, धुऱ्यावरून अंधारात चालणारी मुले यांना नाग, मण्यार आणि घोणस रोजच्या ओळखीचे आहेत. विषाचे म्हणाल, तर २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा ठिकाणी "प्राणघातक काही प्याले तरी बाधणार नाही" हे वचन कोणी सरळ आश्वासन म्हणून सांगू लागला, तर ऐकणारा त्यावर विसंबून काय करील याची मला काळजी वाटते.

म्हणून मी टीकाग्रंथ उघडले, आणि जवळजवळ प्रत्येकात असे लिहिलेले आढळले की मार्क १६:९–२० ही वचने सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. हे वाचून एका बाजूने मला हायसे वाटले आणि दुसऱ्या बाजूने मनात भीती शिरली, कारण ही बारा वचने नंतरची असतील तर बाकीच्यांविषयी काय म्हणावे, असा विचार येणारच. पुढे वाचत गेलो तसे बायबलची पहिली पाचही पुस्तके मोशेने लिहिली नाहीत, यशयाच्या पुस्तकात एकाहून अधिक संदेष्ट्यांची वचने आहेत, पौलाच्या नावावरील सर्वच पत्रे पौलाची नाहीत, अशी विधाने समोर आली. काही लेखक हे आदराने सांगतात, तर काहींच्या लिहिण्याचा सूर एखादी लबाडी उघडकीस आणल्यासारखा असतो.

माझे विचारणे असे आहे. या लेखनात पक्के काय आणि लेखकाचे मत काय, हे माझ्यासारख्याने कसे ओळखावे? आणि जे समजले त्यापैकी किती मंडळीसमोर सांगावे? आमच्यात अशा वृद्ध आया आहेत की ज्यांनी नवऱ्याच्या आणि मुलांच्या मरणात याच पुस्तकाच्या आधाराने दिवस काढले. त्यांच्या हातातले काही काढून घेण्याचा मला अधिकार आहे, असे मला वाटत नाही.

उत्तर १: निवृत्त शिक्षिका, अचलपूर

दादा, सलाम. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करते. दुसरा प्रश्न पाळकांच्या अनुभवाचा आहे. मार्कचेच उदाहरण पुरे आहे, कारण पक्के काय आणि मत काय हे त्यात फार स्वच्छ दिसते.

डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा प्रथम घेऊ. कोडेक्स सिनाईटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकॅनस ही दोन्ही चौथ्या शतकातील ग्रीक हस्तलिखिते असून दोहोंत मार्कचे शुभवर्तमान १६:८ या वचनावर, म्हणजे स्त्रिया भयभीत होऊन कबरेपासून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, येथे थांबते. त्याच शतकातील इतिहासकार युसेबियस यानेही काळजीपूर्वक केलेल्या प्रती तेथेच संपतात असे नोंदवले आणि पुढे बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने तेच सांगितले. एका जुन्या लॅटिन हस्तलिखितात तर या बारा वचनांच्या जागी वेगळाच, अगदी थोडक्यातला शेवट आहे. दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच खरा आहे: ग्रीक हस्तलिखितांपैकी फार मोठ्या संख्येत ही वचने आहेत, आणि इ. स. १८० च्या सुमारास बिशप आयरेनियसने एकोणिसावे वचन मार्कचे म्हणून उद्धृत केले आहे. म्हणजे हा भाग दुसऱ्या शतकातच प्रचारात होता. इथपर्यंत मताचा प्रश्नच येत नाही. विश्वास ठेवणारा आणि न ठेवणारा, दोघेही हेच सांगतील.

त्यानंतर येतो तो निष्कर्ष. नवव्या वचनात मग्दालीया मरीयेची ओळख "जिच्यातून त्याने सात भुते काढली होती ती" अशी नव्याने करून दिली आहे, जणू ती आताच प्रथम येत आहे. वास्तविक त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात तिचे नाव येऊन गेलेले आहे. बारावे आणि तेरावे वचन वाचताना लूकच्या चोविसाव्या अध्यायातील अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य आठवल्याशिवाय राहत नाहीत. हे पडताळण्यासाठी ग्रीक यावी लागत नाही, आपले मराठी बायबल पुरते. या दोन्ही गोष्टींवरून बहुतेक अभ्यासक असे म्हणतात की, मार्कचा शेवट अपुरा वाटल्यामुळे कोणी तरी इतर शुभवर्तमानांतील आठवणींवरून ही वचने जोडली. हा निष्कर्ष बळकट आहे, तरी तो निष्कर्षच आहे.

आणि मग निव्वळ मताचा प्रांत सुरू होतो. मार्कने आठव्या वचनावर मुद्दामच लेखणी थांबवली, की पुढचे पान हरवले, की त्याला लिहिणे पुरे करताच आले नाही? ब्रूस मेट्झगर यांच्यासारख्या मोठ्या जाणकाराला शेवटचे पान हरवले असावे असे वाटे. आजचे अनेक अभ्यासक मार्कने जाणूनबुजून तेथे थांबवले असे मानतात. या प्रश्नावर जो लेखक "आता हे सिद्ध झाले आहे" असे लिहितो, त्याचे पुढचे प्रत्येक विधान मी जरा अधिक सावधपणे वाचते.

आपल्या भीतीविषयीही लिहिते. तलाठ्याच्या दप्तरात एखादी फेरफाराची नोंद नंतरच्या हाताने घेतलेली आढळली म्हणून शेत खोटे ठरत नाही. ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे घेतली एवढेच तपासायचे असते. नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते उपलब्ध आहेत आणि त्यांत परस्परांशी न जुळणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील बहुतेक शब्दांच्या लेखनाच्या किंवा क्रमाच्या आहेत. संपूर्ण नव्या करारात इतका मोठा वादग्रस्त उतारा दोनच ठिकाणी आहे: एक हा आणि दुसरा योहान ७:५३–८:११. आणि हे शोधून काढणारे लोकच आपल्याला उरलेल्या मजकुराविषयी खात्री देऊ शकतात, कारण ज्याने तपासलेच नाही त्याच्या खात्रीला काय आधार असणार?

उत्तर २: मंडळीचे वडील, मेहकर तालुका, जिल्हा बुलढाणा

ताईंच्या अभ्यासाविषयी आदर ठेवूनही मी असहमती नोंदवतो.

१८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत मिशनच्या अनाथाश्रमांत जी मुले जगली, त्यांच्यापासून वऱ्हाडातील कित्येक ख्रिस्ती घराणी सुरू झाली. त्या मुलांचा आणि त्यांच्या लेकरांचा विश्वास कोणत्याही हस्तलिखितावर उभा नव्हता. त्यांना वाचता येण्याआधी गाणी पाठ झाली, गाण्यांनंतर वचने पाठ झाली आणि त्या बळावर त्यांनी गावातले टोमणे, भाऊबंदांचा तुटलेला व्यवहार आणि दारिद्र्य सोसले. आज त्यांच्या नातवंडांच्या हाती मोबाईल आला आहे आणि परदेशातील प्राध्यापकांच्या शंका थेट त्यांच्या खिशात पोहोचल्या आहेत. या शंकांतून आमच्या मंडळीतला एखादा तरुण अधिक प्रार्थनाशील झालेला मला दिसलेला नाही. उपासनेला येणे थांबवलेले मात्र दिसले आहेत.

शिवाय विद्वानांचे निष्कर्ष टिकतात तरी किती? एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील एफ. सी. बाऊर यांनी योहानाचे शुभवर्तमान दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरवले होते. पुढे १९३५ साली योहानाच्या अठराव्या अध्यायाचा एक लहानसा पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचा) तुकडा मँचेस्टरमधून प्रसिद्ध झाला, त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध मानला गेला, आणि तो सिद्धांत कोसळला. दरम्यानच्या काळात त्या सिद्धांतामुळे ज्यांचा विश्वास डळमळला, त्यांना उत्तर कोण देणार?

सापाविषयी सांगायचे तर त्या प्रचारकाला गप्प करण्यासाठी चौथ्या शतकातील पोथी आणण्याची गरजच नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने शास्त्रवचन दाखवूनच सांगितले होते, आणि "परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको" हे प्रभूचे उत्तर मत्तयच्या चौथ्या अध्यायात आहे. हे उत्तर आमच्या मंडळीतल्या निरक्षर बाईलाही समजते.

उत्तर ३: पाळक, वाशीम जिल्हा

वडिलांचे शेवटचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि प्रश्नकर्त्या बंधूंनी ते आधी मनावर घ्यावे. मार्कची ती बारा वचने मार्कनेच लिहिली असे उद्या निश्चित झाले, तरीही दवाखान्यात जाऊ नका असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात मिलिता बेटावर पौलाच्या हाताला साप डसला तो गोळा केलेल्या काटक्या विस्तवावर घालताना. आपला विश्वास दाखवण्यासाठी त्याने साप धरला नव्हता. तोच पौल एका सहकाऱ्याला "प्रिय वैद्य लूक" म्हणतो. तेव्हा पुढच्या रविवारी आपण समोर उभे राहून स्पष्ट सांगावे की, साप चावल्यास मांत्रिकाकडे किंवा प्रार्थनासभेकडे वेळ न घालवता ज्या रुग्णालयात सर्पदंशावरील प्रतिविष आहे तेथे ताबडतोब न्यावे आणि प्रार्थना वाटेत करावी. यासाठी कोणत्याही संशोधनाची वाट पाहू नये.

परंतु वडिलांच्या बाकीच्या म्हणण्याला मला नम्रपणे उत्तर द्यायचे आहे. मँचेस्टरच्या ज्या तुकड्याचा त्यांनी उल्लेख केला, त्याचा काळही केवळ अक्षरांच्या वळणावरून ठरवलेला आहे आणि आज काही अभ्यासक तो दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जाऊ शकतो असे म्हणतात. अभ्यासक आपल्या बाजूने बोलला की त्याला उचलून धरायचे आणि विरुद्ध बोलला की नास्तिक म्हणायचे, ही रीत आपल्याला शोभणारी नाही. पुरावा आपल्याला आवडो वा न आवडो, तो तोलण्याचा काटा एकच असला पाहिजे.

दुसरे असे की, या शंका परदेशातील प्राध्यापकांपासून सुरू झाल्या हा समज खरा नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने योहानाचे शुभवर्तमान आणि प्रकटीकरण यांच्या ग्रीक भाषेची आणि विचारपद्धतीची बारकाईने तुलना केली आणि ही दोन पुस्तके एकाच माणसाची नव्हेत असा निर्णय दिला. तरीही प्रकटीकरण टाकून देण्यास त्याने नकार दिला. त्याच्या आधी ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने इब्री लोकांस पत्राविषयी म्हटले होते की ते कोणी लिहिले हे खरोखर देवच जाणे. ही माणसे कोण होती हे आपण आपल्या तरुणांना सांगितले पाहिजे. डायोनिसियसला सम्राट व्हॅलेरियनच्या छळात हद्दपार व्हावे लागले. ऑरिजेनला सम्राट डेशियसच्या छळात तुरुंगात टाकून यातना देण्यात आल्या आणि तरीही त्याने ख्रिस्ताला नाकारले नाही. ज्यांनी विश्वासासाठी अंगावर वळ घेतले, त्यांनीच हे प्रश्न विचारले आणि मंडळीत बसून विचारले. आणि लूकने तर आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार वचनांतच सांगून टाकले आहे की, आपल्या आधी पुष्कळांनी लिहिले होते, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून गोष्टी आल्या होत्या आणि आपण मुळापासून सर्व शोध करून क्रमाने लिहीत आहोत. अशा पुस्तकाचा शोध घेणे त्याच्या स्वभावाविरुद्ध कसे असेल?

आता मोशेविषयी. अनुवाद या पाचव्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशेचा मृत्यू वर्णिला आहे आणि त्याची कबर आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही असे म्हटले आहे. उत्पत्ती ३६:३१ मध्ये "इस्राएल लोकांवर कोणी राजा राज्य करू लागण्यापूर्वी" असे शब्द येतात, म्हणजे लिहिणाऱ्याला इस्राएलाचे राजे ठाऊक आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत सृष्टीच्या निर्मितीची दोन वेगळ्या क्रमांनी केलेली वर्णने आहेत. ही निरीक्षणे आहेत आणि ती कोणाच्याही बायबलात दिसतात. या निरीक्षणांचा उलगडा म्हणून १८७८ साली यूलियुस वेलहाउझेन यांनी चार वेगवेगळ्या मूळ लेखनांचा सिद्धांत सुसूत्रपणे मांडला आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे तो पाश्चात्त्य विद्यापीठांत ठरलेल्या गोष्टीसारखा शिकवला गेला. १९७० च्या दशकापासून मात्र अभ्यासकांमध्येच त्याविषयी मोठे मतभेद झाले आहेत. चार लेखने होती की दोन, की लहान लहान तुकडे हळूहळू जुळत गेले, यावर आज एकमत नाही. तेव्हा बंधू, वाचताना निरीक्षण एका बाजूला आणि त्याचा उलगडा दुसऱ्या बाजूला ठेवत चला. पंचग्रंथात एकाहून अधिक हात दिसतात, हे निरीक्षण टिकून आहे. उलगडे बदलत आले आहेत आणि पुढेही बदलतील. वडिलांना जी अस्थिरता दिसते ती बहुतेक उलगड्यांची आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना सांगण्यासारखी आहे. आज पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ते १९८३ या काळात यवतमाळला होती. म्हणजे कापसाच्या या जिल्ह्यात, आपल्याच मातीत, तीस वर्षे तरुण मुले धर्मशिक्षण घेत होती आणि तेथून देशभरातील मंडळ्यांत सेवेला जात होती. बायबलचा गंभीर अभ्यास विदर्भाला परका नाही.

मंडळीसमोर किती सांगावे, याविषयी माझा स्वतःचा रिवाज सांगतो. ज्या माहितीने वचनाचा अर्थ किंवा उपयोग बदलतो ती मी लपवत नाही. जी केवळ माझे वाचन दाखवते ती मी सांगत नाही. मार्कच्या या भागाविषयी मी असे म्हणतो की, ही वचने फार प्राचीन आहेत आणि मंडळीने ती जपली आहेत, पण सर्वांत जुन्या प्रतींत ती नाहीत, म्हणून केवळ त्यांच्या आधारावर कोणताही उपदेश उभा करू नये. अनेक आवृत्त्यांत ही वचने कंसात छापलेली असतात किंवा खाली टीप असते. ती टीप मोठ्याने वाचून दाखवण्यात कोणाचा विश्वास मोडल्याचे मी पाहिले नाही. उलट, ती टीप मुलांना प्रथम एखाद्या टिंगलखोराच्या तोंडून कळते, तेव्हा पाळकाने आपल्यापासून काही दडवले असे त्यांना वाटते, आणि उपासनेला येणे थांबते ते पुष्कळदा तेथे. अर्थात प्रत्येक गोष्टीला जागा असते. बायबल अभ्यासाच्या बैठकीत हे बोलावे. मयताच्या घरी सांत्वनाला गेले असता यशयाचा चाळिसावा अध्याय कोणी लिहिला याची चर्चा कोणी करू नये.

उत्तर ४: कॅथलिक वाचक, अमरावती

थोडेसेच जोडते. आमच्या चर्चमध्येही विसाव्या शतकाच्या आरंभी या अभ्यासाकडे पुष्कळ संशयाने पाहिले जात होते. १९४३ साली पोप बारावे पायस यांच्या परिपत्रकाने अभ्यासकांना मूळ भाषांचा आणि प्राचीन लेखनप्रकारांचा अभ्यास करण्यास उघड प्रोत्साहन दिले, आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तीच दिशा कायम ठेवली. रेमंड ब्राऊन यांच्यासारखा धर्मगुरू आयुष्यभर मिस्सा अर्पण करीत आला आणि त्याच वेळी योहानाच्या शुभवर्तमानाच्या अभ्यासकांत अग्रगण्य ठरला.

आमच्याकडे मार्कची ती बारा वचने पवित्र शास्त्राचा भाग म्हणूनच वाचली जातात. ती कोणी लिहिली हा एक प्रश्न आणि मंडळीने ती शास्त्र म्हणून स्वीकारली की नाही हा दुसरा प्रश्न, असे आम्हाला शिकवले गेले. आपल्या वृद्ध आयांच्या हातातले काही काढून घेण्याची वेळ येते ती हे दोन प्रश्न एक मानल्यामुळे, असे मला वाटते. अर्थात प्रोटेस्टंट बंधुभगिनी या बाबतीत वेगळा विचार करू शकतात, आणि पाळकसाहेबांनी सांगितलेली सावधगिरी मला रास्तच वाटते.

उत्तर ५: विद्यार्थिनी, नागपूर (मूळ गाव दारव्हा तालुक्यात)

काका, मी वाचनाच्या व्यवहाराविषयी लिहिते. मराठीत या विषयावरचे साहित्य फार थोडे आहे ही खरी अडचण आहे, आणि त्यामुळे आपल्यासारख्या माणसाला जे हाती लागेल तेच वाचावे लागते. म्हणून एकाच विषयावर दोन वेगळ्या घराण्यांचे लेखक शेजारी ठेवून वाचावेत असे मी सुचवीन. एफ. एफ. ब्रूस हे सुवार्तावादी (बायबलच्या अधिकारावर विशेष भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) परंपरेतले, रेमंड ब्राऊन हे कॅथलिक. ज्या मुद्द्यावर दोघांचे एकमत आहे तो मुद्दा बहुतेक पक्का असतो, आणि ते जेथे वेगळे होतात तेथे पुरावा दोन्हीकडे झुकू शकतो असे समजावे. सुरुवातीला हे जड वाटल्यास ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम बार्कले यांचे विवेचन सोप्या इंग्रजीत आहे, आणि ते सामान्य वाचकासाठीच लिहिलेले आहे.

कोडेक्स सिनाईटिकसची उपलब्ध पाने २००९ पासून इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. मार्कचा शेवट असलेले पान मी स्वतः मोबाईलवर काढून माझ्या आजोबांना दाखवले. अक्षर वाचता आले नाही तरी स्तंभ कोठे संपतो आणि खालची जागा कशी रिकामी आहे हे दिसते, आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यावर तिची भीती कमी होते.

विश्वास जाण्याविषयी वडिलांनी लिहिले आहे, त्यावर एक नोंद करते. बार्ट अर्मन हे हस्तलिखितांचे अभ्यासक पूर्वी सुवार्तावादी विश्वासणारे होते आणि आज नाहीत. त्यांचे दाखले आपल्याकडचे तरुण पुष्कळ देतात. ते ज्यांच्याकडे शिकले ते ब्रूस मेट्झगर तीच हस्तलिखिते त्यांच्याहून अधिक वर्षे हाताळत होते आणि २००७ साली मृत्यू होईपर्यंत प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये राहिले. अर्मन यांनी स्वतःच सांगितले आहे की, आपला विश्वास शेवटी गेला तो जगातील दुःखाच्या प्रश्नामुळे. म्हणजे ज्या गोष्टीविषयी आपण मुलांशी बोलायला हवे ती वेगळीच असू शकते. नापिकी, कर्ज आणि आत्महत्या पाहत वाढलेल्या आमच्या पिढीला दुःखाचा प्रश्न हस्तलिखितांच्या प्रश्नापेक्षा आधी भेटतो.

प्रश्नकर्ता पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. वडीलसाहेब, आपले मत्तयमधले उत्तर मी येत्या रविवारी वापरणार आहे आणि पाळकसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे दवाखान्याचे समोरूनच सांगणार आहे. कंसातल्या वचनांविषयी मात्र बुधवारच्या बैठकीत, बायबल उघडे ठेवून, शिक्षिकाताईंनी दाखवलेल्या जागा सर्वांना स्वतः शोधायला लावून बोलेन. निरीक्षण आणि उलगडा वेगळा ठेवण्याची सूचना मला फार उपयोगी वाटली. यशयाचा चव्वेचाळिसावा आणि पंचेचाळिसावा अध्याय, जेथे यशयाच्या फार नंतर झालेल्या पारसाच्या कोरेश राजाचे नाव येते, मी आता त्या दृष्टीने पुन्हा वाचत आहे.

ताई, आपण योहानाच्या आठव्या अध्यायाचा उल्लेख केला आहे, त्याविषयी एकच विचारतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची ती गोष्ट आमच्या महिला मंडळात सर्वांत अधिक वाचली जाते. ज्या बाईवर गावाने बोट ठेवले आहे अशी एखादी जेव्हा प्रथम उपासनेला येते तेव्हा तिला हीच गोष्ट वाचून दाखवतात. या गोष्टीविषयी आम्ही काय म्हणावे?

उत्तर ६: निवृत्त शिक्षिका, अचलपूर

दादा, ती गोष्ट वाचावी, आणि पूर्वीइतक्याच प्रेमाने वाचावी.

पुरावा असा आहे की, योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील मानले जाणारे दोन महत्त्वाचे पपायरस, तसेच सिनाईटिकस आणि व्हॅटिकॅनस, हे सर्व ७:५२ वरून सरळ ८:१२ वर जातात. पाचव्या शतकातील कोडेक्स बेझीमध्ये ती आहे. काही हस्तलिखितांत ती योहानाच्या पुस्तकात नसून लूक २१:३८ नंतर येते. यावरून ती योहानाने या जागी लिहिलेली नव्हती, हा निष्कर्ष बहुतेक सर्व अभ्यासक स्वीकारतात. त्याच वेळी त्यांच्यापैकी पुष्कळांना ती येशूविषयीची अस्सल जुनी आठवण वाटते. प्रभूपुढे अनेक पापांचा आरोप ठेवलेल्या एका स्त्रीची कथा दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा बिशप पापियस सांगत असे, अशी नोंद युसेबियसने केली आहे. ती हीच कथा होती असे खात्रीने म्हणता येत नाही, पण अशी आठवण मंडळ्यांत फार लवकर फिरत होती एवढे त्यावरून दिसते. आणि चौथ्या-पाचव्या शतकांतील बिशप ऑगस्टीनने लिहिले आहे की, आपल्या बायकांना पापाची मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी ती आपल्या प्रतींतून काढून टाकली. त्याचे हे स्पष्टीकरण आजचे अभ्यासक सहसा स्वीकारत नाहीत, परंतु ही गोष्ट पुरुषांना पूर्वीपासून किती जड गेली आहे ते त्यातून कळते.

महिला मंडळात एकदा असे करून पाहा. आधी योहान ७:५२ वाचून लगेच ८:१२ वाचा, म्हणजे सणाच्या दिवसांतील वाद मध्ये न तुटता पुढे कसा चालतो ते ऐकणाऱ्यांना आपोआप कळेल. नंतर लूक २१:३७–३८ वाचा, जेथे येशू दिवसा मंदिरात शिकवतो, रात्री जैतुनाच्या डोंगरावर राहतो आणि लोक पहाटेच त्याच्याकडे येतात, आणि त्याला जोडून या स्त्रीची गोष्ट वाचा. ती तेथे किती सहज बसते हे बाया स्वतःच सांगतील, आणि त्यासाठी त्यांना आपल्याकडून फारसे काही समजावून सांगावे लागणार नाही.